चांदीपुरा टेस्ट: आमच्या प्रकल्पाच्या नोंदी, पुणे, मे ते सप्टेंबर २०२५

५ मे २०२५, सोमवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय. रोज जमेल असं नाही पण काही ठरलं, काही बिघडलं की त्याच दिवशी लिहायचं. मागच्या कामात वहीत नुसते आकडे होते आणि सहा महिन्यांनी एखादा निर्णय का घेतला होता ते कुणालाच सांगता येईना.

तर काम असं आहे. लहान मुलांच्या मेंदूला सूज आणणाऱ्या चांदीपुरा विषाणूसाठी एक साधी टेस्ट बनवायची, जी तालुक्याच्या दवाखान्यात, महागड्या मशीनशिवाय, तासाभरात उत्तर देईल. आम्ही चौघं आहोत, पाषाणला भाड्याने घेतलेली छोटी लॅब आहे. जिवंत विषाणू आमच्याकडे येणार नाही, आम्ही फक्त प्रयोगशाळेत बनवलेल्या आरएनएच्या तुकड्यावर काम करणार, आणि खऱ्या सॅम्पलवरची तपासणी ज्यांच्याकडे तशी सोय आणि परवानगी आहे अशा मोठ्या लॅबमध्ये होईल.

का करायचं हे पण आजच लिहून टाकते. ह्या आजारात वेळच नसतो. मूल संध्याकाळी खेळत असतं, रात्री ताप, पहाटे उलट्या आणि झटके, आणि बऱ्याचदा २४ ते ४८ तासांत सगळं संपलेलं असतं. अँटीबॉडी शोधणारी टेस्ट इथे पहिल्या दिवशी कामाची नाही कारण शरीराला अँटीबॉडी बनवायलाच सवड मिळत नाही. विषाणूचा आरएनएच पकडावा लागतो. गेल्या वर्षी २०२४ च्या पावसाळ्यात मुख्यतः गुजरातमध्ये जी साथ आली, जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत देशात मेंदूज्वराच्या २४५ केसेस, ८२ मृत्यू, त्यातल्या ६४ जणांमध्ये चांदीपुरा पक्का झाला. सुरुवातीची सॅम्पल तपासायला पुण्याला आली होती. साबरकांठ्याहून पुणं म्हणजे सातशे किलोमीटरच्या वर. सॅम्पल बर्फाच्या पेटीत निघून इथे पोचून रिपोर्ट परत जाईपर्यंत त्या मुलाचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

विषाणूवर औषध नाही हे खरं, मग टेस्ट कशाला असं परवा एका ओळखीच्यांनी विचारलं. कारण झटके थांबवणं, मेंदूवरची सूज कमी करणं, मुलाला लगेच आयसीयू असलेल्या ठिकाणी हलवणं हे सगळं लवकर केलं तर फरक पडतो, आणि शिवाय गावात फवारणीची टीम उद्या पाठवायची की पंधरा दिवसांनी हे एका पॉझिटिव्ह रिपोर्टवर ठरतं.

८ मे, गुरुवार

दिवसभर सिक्वेन्स, म्हणजे विषाणूच्या आरएनएची अक्षरं. चांदीपुराचा जीनोम साधारण ११ हजार अक्षरांचा, एकच आरएनएची पट्टी, त्यावर पाच जीन: एन, पी, एम, जी, एल ह्याच क्रमाने. ह्या घराण्यातले विषाणू पेशीत शिरल्यावर एका टोकापासून वाचायला सुरुवात करतात आणि प्रत्येक जीननंतर वाचणं थोडं थोडं गळत जातं, म्हणून पहिल्या एन जीनच्या कॉपी सगळ्यात जास्त आणि शेवटच्या एलच्या सगळ्यात कमी. आपल्याला कमीत कमी विषाणूत पण सिग्नल हवाय म्हणून एन जीन घेतला. सरांचं म्हणणं जी जीन पण बघा, पण जी हे बाहेरचं आवरण, तिथेच शरीराच्या अँटीबॉडी आदळतात आणि तिथेच बदल व्हायची भीती जास्त. एनवर ठाम राहिले.

उपलब्ध सिक्वेन्स मोजकेच आहेत. जुने, मधले, नवे सगळे एकाखाली एक लावले आणि बदल न झालेला पट्टा शोधत बसले. आमची टेस्ट लॅम्प पद्धतीची, म्हणजे एकाच तापमानाला आरएनएच्या नकला वाढवायच्या. लॅम्पला सहा प्रायमर (नक्कल सुरू करून देणारे छोटे तुकडे) लागतात आणि ते मिळून आठ ठिकाणी बसतात, पीसीआरसारखं दोन प्रायमर आणि एक प्रोब टाकला की झालं असं नाही, त्यामुळे साधारण दोनशे अक्षरांचा पट्टा सलग स्वच्छ पाहिजे. तसा एक सापडला पण बी३ प्रायमरच्या अगदी टोकाला नव्या सिक्वेन्समध्ये एक अक्षर वेगळं आहे. टोकाचं अक्षर जुळलं नाही तर एन्झाइम पुढे सरकतच नाही. मग चार अक्षरं मागे सरकवून बघितलं तर वितळण्याचं तापमान बिघडतं. रात्री साडेनऊपर्यंत हेच. शेवटी तिथे मिश्र अक्षर टाकून दोन्ही प्रकार पकडायचे असं ठरलं.

१३ मे, मंगळवार

स्टेशनला एका पाहुण्यांना सोडायला गेले होते, येताना आंबेडकर रोडवरून आले, एनआयव्हीच्या गेटवरून. ह्या रस्त्यावरून शेकडो वेळा गेलेय पण आज गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं थांबले.

१९५२ ला हे सुरू झालं तेव्हा नाव होतं व्हायरस रिसर्च सेंटर, आयसीएमआर आणि रॉकफेलर फाउंडेशन दोघांचं मिळून. १९७८ ला राष्ट्रीय विषाणू संस्था झालं. सुरू होऊन पाचच वर्षं झाली तर १९५७ ला शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात माकडं मरून पडायला लागली, लोकांनाही ताप, आधी सगळ्यांना धास्ती की यलो फिव्हर भारतात शिरला की काय, आणि इथल्या लोकांनी तो वेगळाच, गोचिडीतून येणारा विषाणू आहे हे शोधलं. आज केएफडी म्हणतात तो हाच, आपल्या सिंधुदुर्गात २०१६ ला आला तो.

आणि मग १९६५. नागपुरात तापाची साथ, डेंगू आणि चिकुनगुनियाची. रक्ताची सॅम्पल तपासताना दोन मोठ्या माणसांच्या रक्तात असा विषाणू निघाला की तो डेंगूही नाही आणि चिकुनगुनियाही नाही. नागपूरच्या चांदीपुरा भागाचं नाव त्याला मिळालं. १९६७ ला तो जगापुढे आला. नंतर सॅन्डफ्लायमध्ये पण सापडला, तेही महाराष्ट्रातच. पण साध्या तापाचा विषाणू म्हणून पुढे बरीच वर्षं त्याच्याकडे कुणी फार वळून पाहिलं नाही.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावते ती २००३ ची गोष्ट. आंध्रात मुलं पटापट जात होती, ३२९ केसेस, १८३ मृत्यू. जेई (जपानी मेंदूज्वर), डेंगू वगैरे ओळखीचे सगळे विषाणू तपासून झाले, निगेटिव्ह. मग पेशींमध्ये सॅम्पल टाकून वाढवलं तर पेशी मरायला लागल्या, म्हणजे आत काहीतरी जिवंत आहे. ते इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितल्यावर बंदुकीच्या गोळीसारखा आकार. तो आकार म्हणजे रॅब्डो घराणं, रेबीजचं घराणं. मग त्या घराण्यातल्या एकेकाच्या अँटीबॉडीशी जुळवत गेले आणि जुळला कोण तर ३८ वर्षांपूर्वी पुण्याने फ्रीजरमध्ये जपून ठेवलेला नागपूरचा चांदीपुरा. म्हणजे कुणीतरी त्या दोन माणसांच्या रक्तातला तो विषाणू सांभाळून ठेवला, त्याची अँटीबॉडी बनवून ठेवली, म्हणून ओळख पटली. आपण फ्रीजरमध्ये ट्यूब ठेवताना लेबल नीट लिहितो का हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाहीये.

आता हे काम सिक्वेन्सिंगने होतं. सॅम्पलमधला सगळाच आरएनए वाचायचा, माणसाचा भाग वजा करायचा आणि उरलेल्यात विषाणू शोधायचा. पण त्याला पैसा लागतो, दिवस लागतात, आणि मुळात चांगलं सॅम्पल लागतं. मेंदूज्वराच्या कितीतरी मुलांचं कारण शेवटपर्यंत कळत नाही.

२६ मे, सोमवार

पाऊस! मे महिन्यातच मान्सून आला. काल रात्रीपासून नुसता कोसळतोय, लॅबला पोचायला दीड तास, युनिव्हर्सिटी चौकात गाड्या हलतच नव्हत्या. पोचले तर लाईट गेलेली. उणे ८० चा फ्रीजर उणे ६१ वर आलेला. जनरेटर आहे पण तो आपोआप सुरू झाला नाही, वॉचमन काकांनी येऊन सुरू केला म्हणून वाचलं. आरएनए बनवून ठेवलेला सगळा त्यातच होता.

आणि एन्झाइमचं पार्सल शुक्रवारी यायचं ते आज आलं. थर्मोकोलच्या डब्यात ड्राय आइस शिल्लकच नाही, नुसता गार ओला डबा. कुरिअरवाल्याला विचारलं तर म्हणे मॅडम गोडाऊन बंद होतं. फेकून द्यायचा जीव होत नाही इतकी किंमत, पण ते वापरून पुढे निकाल चुकले तर शोधत बसणार कुठे. "परत मागव" म्हणून सांगितलं. दहा दिवस गेले.

आरएनएचं लिहायचं राहिलं. ५०० अक्षरांचा एन जीनचा तुकडा ऑर्डर करून त्यावर टी७ एन्झाइमने आरएनए बनवला. हिशोब सोपा आहे पण दरवेळी करून बघते: एवढ्या तुकड्याच्या १ नॅनोग्रॅममध्ये साधारण ३७५ कोटी कॉपी. तिथून दहा-दहा पट पातळ करत ट्यूबमध्ये १० कॉपीपर्यंत यायचं. पातळ करताना हात जरा हलला तरी खालच्या ट्यूबचा काही भरवसा राहत नाही, म्हणून प्रत्येक पायरीला टिप बदल, मिक्स कर, खाली बसव, मगच पुढे.

५ जून, गुरुवार

पहिला रन. ६३ डिग्री, ४० मिनिटं. नवीन एन्झाइम आलं. फिनॉल रेड टाकलेलं आहे, म्हणजे निगेटिव्ह ट्यूब गुलाबी राहते आणि आत आरएनएची नक्कल व्हायला लागली की आम्ल तयार होऊन पिवळी होते.

पंधराव्या मिनिटाला काही नाही. बाविसाव्या मिनिटाला पहिली ट्यूब केशरी वाटायला लागली आणि तिसाव्याला एक लाखापासून हजार कॉपीपर्यंतच्या सगळ्या ट्यूब लख्ख पिवळ्या, आणि शेवटच्या दोन पाण्याच्या, म्हणजे आरएनए न टाकलेल्या, ट्यूब गुलाबी. आम्ही चौघं त्या छोट्याशा हीट ब्लॉकभोवती डोकं घालून उभे होतो. सरांनी काही न बोलता सगळ्यांसाठी चहा मागवला.

१२ जून, गुरुवार

आज वाईट दिवस.

सकाळी रन लावला, २० ट्यूब ५० कॉपीच्या आणि ८ ट्यूब नुसत्या पाण्याच्या. ८ पैकी ५ पाण्याच्या ट्यूब पिवळ्या. पुन्हा लावला, नवीन पाणी घेऊन. ६ पिवळ्या. म्हणजे कंटॅमिनेशन, आणि ते सगळीकडे.

कारण पण कळलं. मंगळवारी मीच ज्युनिअरला सांगितलं होतं की झालेल्या ट्यूब उघडून जेलवर लावून बघ, लॅम्पची शिडीसारखी पट्टी दिसते का. तिने सांगितल्याप्रमाणे केलं, पण ते केलं त्याच टेबलावर जिथे आम्ही मिक्स बनवतो. लॅम्प झालेल्या एका ट्यूबमध्ये अब्जावधी तुकडे असतात, झाकण उघडलं की डोळ्याला न दिसणारे थेंब उडतात, पिपेटवर, हातमोज्यावर, पाण्याच्या बाटलीवर. त्यातला एक तुकडा पुढच्या ट्यूबला पिवळं करायला पुरतो. चूक माझी, तिची नाही, हे मी सगळ्यांसमोर सांगितलं कारण ती रडायला आली होती.

हे मला फार गंभीर वाटतं म्हणून लांब लिहितेय. समजा हीच टेस्ट एखाद्या दवाखान्यात आहे आणि कंटॅमिनेशन झालंय. ताप असलेलं प्रत्येक मूल पॉझिटिव्ह दिसणार. ज्याला खरंतर मलेरिया आहे किंवा बॅक्टेरियाचा मेंदूज्वर आहे, ज्याच्यावर औषध हातात आहे, त्याचं औषध थांबेल. पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे मुद्दाम आरएनए टाकलेली ट्यूब, पिवळी आली की आपण खूश होतो पण टेस्टवर विश्वास ठेवायचा की नाही ते पाण्याच्या ट्यूबवरून कळतं. पाच तारखेला आपण दोनच पाण्याच्या ट्यूब लावल्या होत्या. तेव्हाच आठ लावायला हव्या होत्या.

काय केलं: सगळं पाणी, बफर, उघडलेले प्रायमर फेकले. टेबलं, सेंट्रिफ्यूज, दाराच्या मुठी सगळं १० टक्के ब्लीचने, मग पाण्याने. पिपेट उघडून धुतले. मिक्स बनवायचं काम आता खालच्या मजल्यावरच्या स्टोअररूममध्ये, तिथे वेगळे कोट, वेगळे पिपेट, वेगळ्या चपला. नियम एकच, खालून वर जायचं, वरून खाली त्या दिवशी परत यायचं नाही. आणि झालेली ट्यूब ह्या बिल्डिंगमध्ये कुणीही उघडायची नाही, तशीच झिपच्या पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि बायोमेडिकल कचऱ्यात.

२० जून, शुक्रवार

पालख्या आल्या. रस्ते बंद, ज्युनिअर आणि मी दोघींनी सुट्टी टाकली आणि दर्शन घेऊन आलो. पावसात भिजत चाललेली माणसं, डोक्यावर तुळशी घेतलेल्या बाया, त्यातल्या कितीतरी गावाकडच्या, घरी लहान मुलं ठेवून आलेल्या. बेंचवर काही नाही.

२७ जून, शुक्रवार

आज ओळीने चौथा दिवस, रोज २४ पाण्याच्या ट्यूब लावतोय, सगळ्या निगेटिव्ह. शिवाय मिक्समध्ये डीयूटीपी आणि यूडीजी टाकायला सुरुवात केली. म्हणजे आपण बनवलेल्या नकलेत टीऐवजी यू जातो, आणि पुढच्या रनच्या सुरुवातीला यूडीजी हे एन्झाइम असल्या यूवाल्या जुन्या नकला खाऊन टाकतं, मूळ आरएनएला हात लावत नाही. खर्च वाढतो पण ठेवायचंच.

आता पातळीचा हिशोब. १०० कॉपीला २० पैकी २०, ५० ला १९, २५ ला १३. नियमाप्रमाणे २० पैकी १९ जिथे येतात ती आपली मर्यादा, म्हणजे ५० कॉपी. चांगला पीसीआर ह्याच्या खाली जातो. सर थोडे नाराज. मला वाटतं झटके येणाऱ्या मुलाच्या सॅम्पलमध्ये ५० कॉपी असतील का हे खरं सॅम्पलच सांगेल, इथे बसून भांडण्यात अर्थ नाही.

नवीन अडचण मात्र निघाली. निरोगी माणसाच्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या पाण्यात) आरएनए मिसळून लावलं तर रंग बदलतच नाही, हजार कॉपीला सुद्धा. सीरम स्वतः बफर आहे, तयार होणारं आम्ल तेच पिऊन टाकतं. सॅम्पल नीट काढून, धुऊन घेतलं तर चालतं, पण मग तालुक्याला ते करणार कोण. आता एचएनबी नावाचा रंग बघतोय, तो आम्लावर नाही तर मॅग्नेशियमवर चालतो, जांभळ्याचा आकाशी निळा होतो. सॅम्पलचं धुणं चुंबकाच्या मण्यांनी दहा मिनिटांत, सेंट्रिफ्यूजशिवाय.

११ जुलै, शुक्रवार

मोठ्या लॅबकडून विशिष्टतेचा, म्हणजे टेस्ट दुसऱ्या विषाणूंना चुकून पकडते का त्याचा, निकाल आला. त्यांच्याकडच्या जेई, डेंगू, चिकुनगुनिया, वेस्ट नाइल, एन्टरोव्हायरस, गोवर ह्यांच्या आरएनएवर आमची टेस्ट लावली, एकही पॉझिटिव्ह नाही. व्हीएसव्ही म्हणजे चांदीपुराचा गुराढोरांतला चुलतभाऊ, त्याचीच मला जास्त काळजी होती, तोही निगेटिव्ह. चांदीपुराचा आरएनए पॉझिटिव्ह. साठवलेल्या रुग्णांच्या सॅम्पलवर करायचं तर एथिक्स कमिटीची मंजुरी लागेल, तो अर्ज सरांनी भरायला घेतलाय, त्यानंतर आयसीएमआरची तपासणी आणि सीडीएससीओचा, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रकांचा, परवाना. बरेच महिने.

१८ जुलै, शुक्रवार

मावशीचा फोन. ती भंडाऱ्याकडे असते. "तू काय करून राहिली बाई तिकडं, मायनं सांगतलं का चांदीपुऱ्याचं मशीन बनवून राहिली म्हणून." मशीन नाही गं मावशी, टेस्ट, असं सांगितलं. मग ती थोडा वेळ बोललीच नाही.

तिचा मुलगा २००७ च्या पावसाळ्यात गेला. तेव्हा नागपूर विभागात साथ होती. मी बारावीत होते. तो आदल्या संध्याकाळी गोठ्याजवळ गोट्या खेळत होता, पहाटे अंग भाजत होतं, जिल्ह्याच्या ठिकाणी पोचेपर्यंत बेशुद्ध, दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. कागदावर मेंदूज्वर एवढंच लिहिलं. चांदीपुरा होता का, आम्हाला कधीच कळलं नाही. मावशीला अजून वाटतं की तिने त्या दिवशी त्याला पावसात भिजू दिलं म्हणून झालं. अठरा वर्षं ती हे धरून बसलीये. आज मी तिला पहिल्यांदा नीट सांगितलं की पावसाने नाही होत हे, बहुतेक चिलटाने होतं, तुझा काही दोष नाही. ती म्हणाली, "हे तेव्हा कोणी सांगतलंच नाही."

तिने विचारलं कोणतं चिलट. सॅन्डफ्लाय म्हणजे मच्छराच्या पाव आकाराची, केसाळ, उडण्यापेक्षा टुणटुण उडी मारल्यासारखी जाते. मातीच्या भिंतीच्या भेगांत, गोठ्यात, शेणाच्या ढिगाजवळ. अंडी साचलेल्या पाण्यात घालत नाही, ओलसर मातीत घालते, म्हणून डबकी बुजवून ती जात नाही. साध्या मच्छरदाणीच्या भोकातून आत येते, बारीक जाळीची लागते. भेगा लिंपणं आणि भिंतीवर फवारणी, हेच खरं. मावशी म्हणाली उद्याच गोठा लिंपून घेते.

२ ऑगस्ट, शनिवार

आज लसीवर बोलणं झालं. एका मोठ्या लस कंपनीतून निवृत्त झालेले एक काका आमच्याकडे येतात, तीन तास बसले.

पुणं लसीचं गाव आहे. १९६६ पासून सीरम इन्स्टिट्यूट इथे आहे, हिंजवडीला जेनोव्हाने एमआरएनए लस बनवली. १२ जानेवारी २०२१ ला कोविशील्डचे पहिले ट्रक निघाले ते अजून डोळ्यापुढे आहे. कोव्हॅक्सिनचा विषाणू पण इथल्याच एनआयव्हीने वेगळा करून दिलेला, मार्च २०२० मध्ये विषाणू हातात आणि जानेवारी २०२१ ला परवानगी. आणि चांदीपुरा? सापडून ६० वर्षं झाली, आज बाजारात एकही लस नाही.

असं नाही की कुणी प्रयत्न केला नाही. एनआयव्हीच्याच लोकांनी व्हेरो पेशींत (लॅबमध्ये वाढवलेल्या माकडाच्या पेशी) हा विषाणू वाढवून, बीपीएल नावाच्या रसायनाने मारून उंदरांवर लस तपासली, २०११ चा पेपर आहे, उंदरांमध्ये संरक्षण दिसलं. रीत तीच जी कोव्हॅक्सिनला वापरली. बीपीएलचं चांगलं म्हणजे ते विषाणूच्या आरएनएला निकामी करतं आणि मग गरम ठेवलं की स्वतःच मोडून जातं, लसीत उरत नाही. मग मेलेला विषाणू खरंच मेलाय का हे बघायला तो ताज्या पेशींवर तीनदा तीनदा टाकून बघायचा. काका ह्यावर फार वेळ बोलले, त्यांचं म्हणणं लसीच्या कामात अर्धं आयुष्य हेच सिद्ध करण्यात जातं की आत काही जिवंत नाही. मला बारा जूनची पाण्याची ट्यूब आठवली.

दुसरी वाट म्हणजे जी प्रोटीन. शरीर विषाणूला थांबवणाऱ्या अँटीबॉडी त्याच्यावरच बनवतं, तर तेवढंच द्यायचं, प्रोटीन म्हणून किंवा एमआरएनए म्हणून. आणि गंमत वाटेल पण चुलतभाऊ व्हीएसव्हीचंच जी प्रोटीन काढून तिथे इबोलाचं बसवून इबोलाची लस बनली, २०१९ ला मंजूर झाली. म्हणजे हे घराणं लस वाहून न्यायला उत्तम आहे हे जगाला माहिती आहे.

मग अडतं कुठे, मी विचारलं. काका म्हणाले माणसांवरच्या चाचणीच्या तिसऱ्या टप्प्यावर, लस खरंच आजार थांबवते का हे बघताना. केसेस कमी आणि विखुरलेल्या, ह्या वर्षी इथे तर पुढच्या वेळी भलतीकडेच, लस दिलेली आणि न दिलेली मुलं तुलना करायला लाखात घ्यावी लागतील. आणि विकत घेणार कोण, मातीच्या घरात राहणारी माणसं. मला हे शेवटचं मान्य नाही. जेईच्या देशी लसीसाठी पण १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कोलारला मिळालेला विषाणू एनआयव्हीने जपला होता आणि लस २०१३ ला आली. सरकारने मनावर घेतलं की होतं. चांदीपुरासाठी निदान पहिला आणि दुसरा टप्पा करून, सुरक्षित आहे आणि अँटीबॉडी येतात एवढं सिद्ध करून, लस साठवून ठेवता येईल, साथ आली की त्या तालुक्यात लगेच तपासता येईल. पण त्यासाठी साथ आली हे पहिल्या आठवड्यात कळायला हवं. म्हणजे पुन्हा टेस्ट.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. लॅबच्या दारात पण छोटा. एथिक्सचा अर्ज दोन शंका काढून परत आलाय, उत्तरं लिहितेय.

११ सप्टेंबर, गुरुवार

विसर्जन झालं आणि काल आम्ही जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात गेलो. रुग्णांचं सॅम्पल नाही, फक्त निरोगी सीरममध्ये मिसळलेला आपला आरएनए, कोड टाकलेल्या १२ ट्यूब, आणि टेस्ट करणार तिथल्या लॅबच्या ताई आणि एक सिस्टर, आम्ही फक्त बाजूला उभं राहायचं.

मणी, चुंबक, धुणं हे त्यांनी आमच्यापेक्षा नीट केलं. रोज शेकडो सॅम्पल हाताळणारा हात आहे तो. हीट ब्लॉक दोनदा बंद पडला, व्होल्टेज कमी, तर सिस्टरनी इन्व्हर्टरवर लावून दिला. ४० मिनिटं झाली. आम्ही म्हटलं आता सांगा कुठल्या पॉझिटिव्ह.

सिस्टरनी ट्यूब वर धरून बघितल्या, ट्यूबलाइटखाली, मग खिडकीशी. बराच वेळ. मग म्हणाल्या, "मॅडम, मला तर सगळ्या निळ्याच दिसतायत."

आणि खरंच. आमच्या लॅबमध्ये पांढऱ्या टेबलावर, पांढऱ्या दिव्यात जांभळा आणि आकाशी वेगळा दिसतो. तिथे हिरव्या भिंती, पिवळट ट्यूबलाइट, बाहेर ढग. मी स्वतः बघितलं तर दोन ट्यूबबद्दल मला खात्री देता येईना. आणि मी अडीच महिने रोज हाच रंग बघतेय. रात्री दोनला, झटके येणाऱ्या मुलाची आई बाजूला उभी असताना त्या सिस्टरनी हा निर्णय घ्यायचा असं आपण म्हणत होतो.

त्यांचं लिहिलेलं उत्तर कोडशी जुळवलं, १२ पैकी ९ बरोबर. मशीनने वाचलं तर १२ पैकी १२. टेस्ट बरोबर आहे, दिसत नाहीये.

येताना गाडीत वाद. सर म्हणाले स्ट्रिप लावू, प्रेग्नन्सी टेस्टसारख्या दोन रेघा, कुणालाही कळतं. खरंय, पण स्ट्रिपला ट्यूब उघडावी लागते, आणि ट्यूब उघडली की काय होतं ते आम्ही जूनमध्ये भोगलंय, तिथे तर खालचा मजला पण नाही. मी नाही म्हटलं. ज्युनिअरनेच मग कॅल्सीन नावाच्या चमकणाऱ्या रंगाचं काढलं: सुरुवातीला मँगनीजमुळे दबलेलं असतं, नक्कल व्हायला लागली की मँगनीज सुटतं आणि ट्यूब हिरवी चमकते, झाकण बंद असतानाच. निळ्या एलईडीखाली, पुठ्ठ्याच्या काळ्या डब्यात, नारिंगी काचेतून बघायचं. बाहेरच्या उजेडाचा संबंधच नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

कॅल्सीन आलं. निळे एलईडी बुधवार पेठेतून आणले, नारिंगी ॲक्रिलिकचा तुकडा पण तिथेच मिळाला. डबा ज्युनिअरने बुटाच्या खोक्याचा केलाय, आतून काळा कागद. १०० कॉपीच्या ट्यूब हिरव्या, पाण्याच्या २४ पैकी २४ अंधारात. ५० कॉपीला चमक मंद आहे, मँगनीज थोडं कमी करून बघायचं, उद्या ०.५ ऐवजी ०.४ मिलिमोलर.

सिस्टरना फोन केला. गुरुवारी दुपारी ओपीडी संपल्यावर या म्हणाल्या, आणि ह्या वेळी त्यांच्या रात्रपाळीच्या सहकाऱ्यांना पण बोलावून ठेवतायत, त्यांना जवळचा चष्मा आहे, त्यांना दिसतंय का ते बघा म्हणाल्या. कोड टाकलेल्या ट्यूब २४ करायच्या. इन्व्हर्टरची वायर आपली न्यायची.